रामदेव मिश्रांची चौकट आणि बालाघाटचे माळ

छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादकडे, तेथून परतताना दौलताबाद, मग गोदावरी ओलांडून बीड, मांजरसुंब्याचा घाट, पाटोद्याकडचे माळ आणि शेवटी धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग असा हा प्रवास आश्विनात केला. वाट नेहमीची होती, हेतू मात्र थोडा वेगळा होता. महाविद्यालयात परिसरविज्ञान (इकॉलॉजी), म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या संबंधांचे शास्त्र, शिकवताना प्रा. रामदेव मिश्र हे नाव दरवर्षी येते. भारतीय परिसरविज्ञानाचे जनक म्हणून पाठ्यपुस्तकात त्यांचा परिचय असतो, विद्यार्थी जन्मतारीख पाठ करतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. या संशोधकाने आयुष्यभर नेमके काय केले, हे पुस्तकाबाहेर, आपल्याच मराठवाड्याच्या जमिनीवर उभे राहून कितपत समजते, ते पाहायचे होते.

खुलताबादच्या वाटेवर एका पाझर तलावाच्या काठी पहिला थांबा घेतला. मिश्र यांचा जन्म २६ ऑगस्ट १९०८ चा. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात प्रा. डब्ल्यू. एच. पिअर्सॉल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९३७ साली परिसरविज्ञानात पीएच. डी. मिळवली. विषय होता इंग्लंडमधील सरोवरांतील जलवनस्पती, आणि प्रश्न वरवर अगदी साधा होता: एकाच सरोवरात एक वनस्पती या भागात वाढते आणि दुसरी त्या भागात, असे का? पाण्याची खोली आणि प्रकाश यांच्याइतकेच तळाचा गाळ कसा आहे, त्यात सेंद्रिय द्रव्य किती आहे, यावरही उत्तर अवलंबून असते, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. आमच्या पाझर तलावात लव्हाळ्याचा पट्टा, त्यापुढे तरंगत्या पानांच्या वनस्पती आणि मध्यभागी उघडे पाणी अशी विभागणी स्पष्ट दिसत होती. जेथून ओढा येऊन मिळतो त्या गाळाच्या बाजूला हे पट्टे रुंद होते आणि बांधाच्या दगडी बाजूला जवळजवळ नव्हतेच. तलाव पाहताना बहुतेक जण पाणी पाहतात. मिश्र यांची नजर तळाच्या चिखलाकडे गेली, आणि त्यांची पुढची सारी कारकीर्द मला या सवयीतूनच उमललेली वाटते.

दौलताबादच्या तटबंदीवर, दगडांच्या सांध्यांतल्या जुन्या चुन्यात, पिवळ्या फुलांचे एक लहानसे झुडूप उगवते. ते लिंडेनबर्गिया या प्रजातीतील, म्हणजे जवळच्या अनेक जातींच्या गटातील, आहे. याच प्रजातीतील लिंडेनबर्गिया पॉलिअँथा या जातीचा अभ्यास मिश्र यांनी एका सहसंशोधकाबरोबर करून १९४८ साली प्रसिद्ध केला होता. एकाच जातीचे बी, तिची रुजवण, तिला लागणारी माती, चुन्याचे प्रमाण, ओलावा या सगळ्यांचा पाठपुरावा करणारी ही अभ्यासशाखा स्वपरिसरविज्ञान म्हणून ओळखली जाते. किल्ला पाहायला आलेल्या मंडळींनी भिंतीचे फोटो काढणाऱ्या आमच्याकडे संशयानेच पाहिले. पण भिंतीवरचे हे झुडूप शेजारच्या काळ्या मातीत का उतरत नाही, हा प्रश्न चांदमिनाराइतकाच पाहण्याजोगा आहे असे माझे मत आहे.

शहागडला गोदावरी ओलांडली. गेवराई ते बीड हा टप्पा सोयाबीनच्या मळणीच्या धुरळ्यात गेला आणि त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही.

मांजरसुंब्याचा घाट चढून पाटोद्याच्या दिशेने वळले की बालाघाटचे पठार सुरू होते. मुरमाड जमीन, मातीचा थर वीतभर, अधूनमधून उघडा काळा खडक, तरवड, बोरी, एखादी हिवर आणि बाकी सगळे गवत. पावसाच्या बाबतीत मराठवाड्याचा हा पश्चिम भाग किनवटच्या मानाने कायमच मागे असतो. येथे मोठे जंगल शोधणारा निराश होईल, पण गवताच्या अभ्यासकाने येथेच मुक्काम करावा. आम्ही चार खुंट्या आणि सुतळी यांची एक चौरस मीटरची चौकट आखली आणि तिच्यातील प्रत्येक जातीची नोंद सुरू केली. या चौकटीला आपण वर्गात क्वाड्राट म्हणतो. किती चौकटींत एखादी जाती आढळली यावरून तिची वारंवारिता काढायची, दर चौरस मीटरला तिची किती रोपे आहेत यावरून घनता काढायची आणि मग गवत जमिनीलगत कापून, भट्टीत वाळवून, वजन स्थिर झाल्यावर तोलायचे. जमिनीखालील मुळेही धुऊन तोलावी लागतात, कारण गवताळ माळावर तयार होणाऱ्या वनस्पतिद्रव्याचा, म्हणजे उत्पादनाचा, मोठा वाटा मातीखाली असतो आणि वरचे हिरवे पाते पाहून तो कळत नाही.

ही पद्धत मिश्र यांनी शोधली नाही. चौकटी युरोप-अमेरिकेत आधीपासून मांडल्या जात होत्या. त्यांचे श्रेय वेगळे आहे आणि माझ्या दृष्टीने अधिक मोठे आहे. बनारस हिंदू विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात त्यांनी परिसरविज्ञानाचे अध्यापन आणि संशोधन उभे केले, देशातील या विषयाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम तयार केला आणि समशीतोष्ण देशांत घडलेल्या संकल्पना मोसमी पावसाच्या प्रदेशात जशाच्या तशा न लावता येथे नव्याने तपासल्या. येथे वनस्पतींची वाढ चार महिन्यांत उरकते, उरलेले आठ महिने चराई, वणवा आणि कोरडेपणा यांचे असतात. म्हणून एकदा कापून तोललेल्या गवतावरून काहीच सिद्ध होत नाही. महिन्यामागून महिना तोच माळ तोलावा लागतो. वाराणसीच्या परिसरातील गवताळ भागांत आणि शुष्क पानगळी वनांत त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी उत्पादकता, पालापाचोळा आणि पोषकद्रव्यांचे चक्र यांची मोजमापे केली. १९६८ साली निघालेल्या त्यांच्या ‘इकॉलॉजी वर्क बुक’ या प्रयोगपुस्तिकेमुळे ही मोजमापे साध्या साधनांनी लहान महाविद्यालयांतही करता येऊ लागली.

चौकटीतील कणसे मोजत असताना मेंढरांचा कळप घेऊन एक वयस्कर मेंढपाळ आले.

“काय हुडकायलात सर?”

“गवत मोजतोय, मामा.”

“मोजून काय करायलात? आता कुसळ धरलंय, मेंढरं तोंड लावत न्हाईत. पवना बघायचा असंल तर त्या बंद कुरणात जावा.”

त्यांच्या सांगण्याप्रमाणे आम्ही चराईबंदी असलेल्या पट्ट्यात दुसरी चौकट आखली. बाहेरच्या चौकटीत कुसळी गवताने निम्म्याहून अधिक जागा व्यापली होती. आतल्या चौकटीत पवना आणि मारवेल ही गवते वरचढ होती. दाबडघाव आणि शंकरनारायण या अभ्यासकांनी १९७३ साली भारतातील गवताळ आच्छादनाचे पाच मुख्य प्रकार मांडले. त्यांपैकी दख्खनच्या पठारावरचा प्रकार सेहिमा आणि डायकॅन्थियम, म्हणजेच आपले पवना आणि मारवेल, यांच्या जोडीचा आहे. चराई वाढत गेली की ही गोड गवते मागे हटतात, कुसळी पुढे येते आणि त्याहीपुढे जमीन झिजली की अ‍ॅरिस्टिडासारखी निकस गवते उरतात. कुसळीचा काटेरी शेपटा ओलावा मिळताच पीळ सोडतो, वाळला की पुन्हा पीळ घेतो आणि त्या फिरण्याने बी मातीत घुसते. मेंढरांच्या लोकरीत आणि आमच्या पायमोज्यांतही ते त्याच कौशल्याने घुसले होते. अनुक्रमण, म्हणजे एका जागेवरच्या वनस्पती क्रमाक्रमाने बदलत जाणे, आणि त्याची उलटी चाल समजावून सांगायला मला वर्गात दोन तास लागतात. मामांनी ती जनावर काय खाते आणि काय सोडते एवढ्यावरून सांगितली. चौकटीने त्यात भर घातली ती प्रमाणाची, म्हणजे उद्या कोणी कुरण सुधारल्याचा दावा केला तर तो पडताळून पाहण्याची सोय झाली.

येथे एक तक्रार नोंदवतो. परतीच्या वाटेवर याच माळावर ओळीने खड्डे खणून गिरिपुष्पाची रोपे लावलेली दिसली. झाड नसलेली जमीन पडीक, असे सरकारी नोंदीही मानतात आणि हौशी वृक्षप्रेमीही. पवन्याचे कुरण उकरून त्यात परदेशी झुडपे लावण्याला वनीकरण म्हणणे मला पटत नाही. किती गवत गेले आणि त्या बदल्यात काय आले, हे लावण्यापूर्वी कोणीतरी तोलायला हवे होते.

येडशीला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. रामलिंगाचे देवस्थान दरीत आहे आणि रावणाशी लढताना जटायू येथेच पडला अशी स्थानिक श्रद्धा आहे. पायऱ्या उतरताना वनस्पती बदलत जातात: वर उन्हाच्या उतारावर खुरटी, काटेरी झुडपे, खाली ओढ्याच्या कडेला उंबर आणि करंज. खडक तोच, पाऊसही तोच. फरक आहे तो उताराच्या दिशेचा आणि मातीत टिकणाऱ्या ओलाव्याचा. मिश्र यांनी मध्य प्रदेशातील सागर येथील विद्यापीठात असताना तेथील पथरिया टेकड्यांच्या वनांचा अभ्यास केला होता. दख्खनचा काळा बेसाल्ट सागरपर्यंत पसरलेला आहे, त्यामुळे त्यांचे ते काम वाचताना मला आपल्या टेकड्या आठवतात. वनस्पती ओळखण्यासाठी मात्र प्रा. व्ही. एन. नाईक यांच्या मराठवाड्याच्या वनस्पतिसूचीवाचून येथे पान हलत नाही. जातीचे नाव चुकले तर सगळी वजने व्यर्थ.

मिश्र यांच्या मार्गदर्शनाखाली पन्नासहून अधिक संशोधकांनी पीएच. डी. केली आणि देशभरच्या विद्यापीठांत जाऊन या विषयाचे विभाग व संशोधन सुरू केले. ईशान्येकडील फिरत्या शेतीचा दीर्घकाळ अभ्यास करणारे पी. एस. रामकृष्णन हे त्यांतलेच. मिश्र यांच्या प्रयत्नांमुळे १९७२ साली केंद्र सरकारने पर्यावरण नियोजन व समन्वयाची राष्ट्रीय समिती नेमली आणि पुढे त्यातूनच पर्यावरण व वन मंत्रालयाची वाट तयार झाली. परिचयांत त्यांचे सन्मान आधी येतात. मी विद्यार्थ्यांची ही यादी आधी सांगेन.

ज्यांना हे पाहायला जायचे असेल त्यांनी पाऊस ओसरल्यावर, कणसे धरलेली असताना जावे. दिवाळीनंतर गवत वाळते आणि ओळखणे अवघड होते. येडशीला रेल्वे स्थानक आहे आणि गाव धुळे-सोलापूर महामार्गावर असल्याने एस.टी.ही सहज मिळते. पाटोद्याच्या माळावर मात्र स्वतःचे वाहन, भरपूर पाणी आणि गुडघ्यापर्यंतचे जाड मोजे लागतात. बंद कुरणात शिरण्यापूर्वी गावात विचारावे, आणि गवत कापायचे असेल तर रीतसर परवानगी घ्यावी.