केमन घेण्याआधीचा विचार

पोर्शे ही मोटार कंपनी मूळ श्टुटगार्टचीच, त्यामुळे या जर्मन शहरात राहणाऱ्या माणसाला पोर्शेचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. परंतु माझ्या मनात भरली आहे ती पोर्शेची सर्वांत प्रसिद्ध गाडी, नऊशे अकरा (911), नव्हे, तर तिच्याहून स्वस्त आणि माझ्या मते अधिक समतोल असलेली दोन आसनांची केमन. हिचे इंजिन आसनांच्या मागे, पण मागच्या चाकांच्या पुढे बसवलेले असल्यामुळे वजन गाडीच्या मध्याजवळ एकवटते आणि वळणावर स्टिअरिंग फिरवताच गाडी विनातक्रार दिशा बदलते. ब्लॅक फॉरेस्टमधील घाटरस्ते येथून जवळ असल्याने या गुणाचा मला खराखुरा उपयोग आहे.

नवी केमन घेण्याचा विचार नाही. वापरलेली घ्यायची, तर कोणत्या वर्षाची, हाच खरा प्रश्न आहे. 2005 साली केमन एस, म्हणजे केमनची अधिक ताकदीची आवृत्ती, आली तेव्हा तिच्यात 3.4 लिटरचे, 295 अश्वशक्तीचे सहा सिलिंडरांचे इंजिन होते. त्या पिढीतील काही इंजिनांमध्ये सिलिंडरच्या आतील भिंतींवर चरे पडतात, तर काहींमध्ये इंटरमीजिएट शाफ्टचे, म्हणजे इंजिनातील एका मधल्या फिरत्या दांड्याचे, बेअरिंग निकामी होते. यांपैकी काहीही झाले तरी दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने फार मोठा असतो. 2009 च्या सुधारित मालिकेत इंजिनाची रचनाच बदलली आणि तो शाफ्ट मुळातून गेला. म्हणून माझा शोध या मालिकेपुरता मर्यादित आहे, आणि त्यातही 320 अश्वशक्तीच्या ‘एस’ऐवजी 2.9 लिटरच्या, 265 अश्वशक्तीच्या साध्या केमनकडे माझा कल आहे. ‘एस’मध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, साध्या केमनमध्ये ते झडपांच्या अलीकडे फवारले जात असल्याने इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या, झडपा धुतल्या जातात आणि त्यांवर काजळी साचण्याची चिंता कमी राहते. 2016 नंतरच्या केमनच्या 718 मालिकेत चार सिलिंडरांचे टर्बो इंजिन आले. ते ताकदवान आहे, पण सहा सिलिंडरांचा तो चढत जाणारा स्वर त्यात नाही, आणि माझ्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे. गिअर मात्र हातानेच बदलायचे, याबद्दल मनात दुमत नाही.

घरात आम्ही तिघे आहोत, त्यामुळे ही गाडी दुसरी गाडी म्हणूनच येऊ शकते. पुण्याहून आई-बाबा आले की सध्याची मोठी गाडी लागणारच. मुलीला योग्य चाइल्ड सीटमध्ये पुढच्या आसनावर बसवण्यास जर्मन कायद्याची आडकाठी नाही. मात्र तिघांनी एकत्र कोठे जायचे असेल, तर केमन घरीच राहील. सामानाची अडचण त्या मानाने नाही, कारण पुढच्या डिकीत 150 आणि मागे 260 लिटर जागा मिळते.

दुसऱ्या गाडीच्या खर्चावर येथे हंगामी नंबरप्लेटचा, म्हणजे वर्षातील ठरावीक महिन्यांपुरत्याच चालणाऱ्या नंबरप्लेटचा, चांगला उपाय आहे. एप्रिल ते ऑक्टोबर अशी मुदत घेतली तर वाहनकर तेवढ्याच महिन्यांचा पडतो, विमाही कमी होतो आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठापासून गाडीचा तळ वाचतो. मात्र मुदतीबाहेर गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभी करून ठेवता येत नाही, म्हणजे बंद गॅरेज भाड्याने घेणे आले. आमच्या भागात ते मिळणे गाडी मिळण्याहून कठीण आहे. त्यामुळे गॅरेजचा करार हाती आल्याशिवाय गाडीचा सौदा करायचा नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

सौद्याच्या वेळी माझ्या दोन अटी असतील: सर्व्हिसच्या नोंदींची वही पहिल्या वर्षापासून पूर्ण हवी, आणि त्रयस्थ मेकॅनिककडून सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून तपासणी करण्यास विक्रेत्याची तयारी हवी. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असल्याने त्यांची अदलाबदल करता येत नाही, तेव्हा त्यांची झीज पाहूनच किमतीची बोलणी करीन.