पानांची शाल: टाके जुळले, पानं नाही

मंडळी, विणायला घेतलेल्या पानांच्या नक्षीच्या शालीत टाके बरोबर येऊनही पानं जुळत नव्हती. लाइफलाइनपर्यंत (चुकलं तर तिथवर उसवता यावं म्हणून टाक्यांतून ओवून ठेवलेला दोरा) उसवून झालं आणि कोडं एकदाचं सुटलं! म्हणून लगेच लिहायला बसले.

गार्टर टॅबच्या (मानेजवळची सुरुवातीची छोटी पट्टी) 9 टाक्यांपर्यंतचं मागच्या वेळी सांगितलं होतं: कडेचे तीन-तीन, कण्याचा म्हणजे मधल्या रेघेचा एक, कण्याच्या दोन्हीकडच्या पंखांत एकेक. सुलट बाजूच्या प्रत्येक ओळीत चार वाढी, म्हणजे 24 ओळींनी 57 टाके. तेवढेच आले. पंखात 25, म्हणजे 8 टाक्यांची तीन पानं आणि वर एक टाका. विकतच्या पॅटर्नमध्ये पुढे एवढंच लिहिलंय की पहिल्या ओळीपासून पुन्हा विणा.

तसंच विणलं. टाका एकही कमी-जास्त नाही, तरी नवी पानं जुन्या पानांवर न बसता दोन पानांच्या मधल्या फटीवर येऊन बसली! मार्कर, म्हणजे खुणेच्या कड्या, पाहिल्या. प्रत्येक यार्न ओव्हरला (सुईवर दोरा घेऊन केलेलं भोक, त्याने एक टाका वाढतो) त्याची घट (टाके एकत्र विणून कमी करणं) आहे का, तेही ओळीओळीने तपासलं. सगळं बरोबर.

गोम वाढीच्या जागेत होती. पंखात 24 टाके वाढतात, पण 12 कडेला आणि 12 कण्यालगत. 8 च्या पानाला 12 म्हणजे दीड पान. चार्ट, म्हणजे नक्षीचा आराखडा, कडेपासून पुन्हा सुरू केला की अख्खी रांग चार टाक्यांनी सरकते. बेरजेला 8 ने भाग जातो, त्यामुळे मोजताना काहीच खटकत नाही. म्हणून आता मी बेरीज नंतर बघते, आधी पंखाच्या मधोमध बोट ठेवून दोन्हीकडे मोजते.

हिशोब असा बसतो: जितक्या ओळी, त्याच्या निम्मे टाके पंखाच्या एकेका बाजूला वाढतात. हे निम्मे पूर्ण पानाइतके भरले तर पानावर पान येतं, म्हणजे 8 टाक्यांच्या पानाला 16 ओळी हव्यात. अर्ध्या पानाइतके भरले तर रांगा विटांच्या भिंतीसारख्या आळीपाळीने बसतात, त्याला 8 ओळी पुरतात. माझं पान 12 ओळींचं, म्हणजे 24 ओळींत पानांच्या दोन रांगा. बाजूला 6 टाके, म्हणजे पाऊण पान. ना इकडचं, ना तिकडचं.

कडेला अर्धवट पान येतं तिथे मी एक नियम पाळते. यार्न ओव्हर आणि घट दोन्हींना जागा असेल तरच जाळी घालायची, नाहीतर सरळ सुलट. एकट्या यार्न ओव्हरने टाका वाढतो आणि पुढच्या सगळ्या ओळी बिघडतात.

पान 8 ओळींत बसवायचं ठरवून नमुना विणला, पण ते फारच बुटकं दिसलं. आत्ता हे लिहितानाच सुचलं की उंची कापण्यापेक्षा रुंदी का वाढवू नये? पानाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन सुलट टाके जास्त, म्हणजे 12 टाके, 12 ओळी. बाजूला 6, बरोबर अर्धं पान! शिवाय 25 म्हणजे 12 ची दोन पानं आणि वर एक, त्यामुळे 57 वरची लाइफलाइन जशीच्या तशी चालेल. मानेजवळ लहान पानं, खाली मोठी. हे बघून मी किती खूश झाले, काय सांगू!

लाइफलाइनसाठी क्रोशाचा गुळगुळीत सुती दोराच घ्या, लोकरीच्या उलट रंगाचा. नागपुरात इतवारीत सहज मिळतो. लोकर वापरली तर ती टाक्यांना चिकटते, ओढताना जीव जातो. बारीक लेस लोकर मात्र मला बर्डीवर मिळाली नाही, ऑनलाइनच मागवावी लागली. सुई सर्क्युलर (दोन टोकं लवचीक तारेने जोडलेली) आणि टोकदार हवी. बोथट सुई तीन टाक्यांत एकदम सहज शिरत नाही.

काठाचा विचारही बदलतोय. पानांच्या नवव्या रांगेअखेर 225 टाके होतील, पंखात 109. एक टाका वगळला तर 108, आणि शेटलंडच्या फेदर अँड फॅन या लाटांच्या नक्षीची लाट 18 टाक्यांची, म्हणजे पंखात नेमक्या सहा लाटा! पण ती नक्षी फक्त 4 ओळींची, तेवढ्यात बाजूला दोनच टाके वाढतात. नवी लाट मावायला 36 ओळी लागतील. तेव्हा लाटा सहाच ठेवून वाढलेले टाके गार्टरमध्ये (सगळ्या ओळी सुलट) सोडायचे, असं सध्या ठरवलंय. कुणी कण्यालगत असं केलं असेल तर ब्लॉकिंगनंतरचा (ओली करून, ताणून वाळवल्यानंतरचा) फोटो नक्की दाखवा.