दुसऱ्या व्हायोलिनची ओळ

"आठवणीच्या कॉन्सर्टमध्ये वाजवताना तुम्हाला रडू येत नाही का?"

दर वर्षी ऑक्टोबर उजाडला की हा प्रश्न येतो. ऑफिसातले विचारतात, नातेवाईक विचारतात, कॉन्सर्ट संपल्यावर श्रोतेही थांबून विचारतात. विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते, म्हणून मी आजवर "येतं की" म्हणून वेळ मारून नेत आले. या वेळी तुम्ही विचारलंत आणि उत्तरासाठी थांबलातही, म्हणून नीट सांगते.

मी एका एलजीबीटी ऑर्केस्ट्रात दुसऱ्या व्हायोलिनमध्ये, म्हणजे व्हायोलिनच्या दोन गटांपैकी दुसऱ्या गटात, वाजवते. आम्ही ५८ जण आहोत, सगळे हौशी. कुणी नर्स आहे, कुणी हिशेब तपासतं, दोघं निवृत्त शिक्षक आहेत. वर्षातून एकदा, २० नोव्हेंबर आणि १ डिसेंबर यांच्या मधल्या शनिवारी, आम्ही आमच्यातल्या गेलेल्यांसाठी वाजवतो. पहिली तारीख हिंसेत मारल्या गेलेल्या ट्रान्स माणसांच्या स्मरणाची, १९९९ पासूनची. दुसरी जागतिक एड्स दिनाची, १९८८ पासूनची. आमची यादी या दोन तारखांमध्ये मावत नाही, कारण आमच्यातले काही साध्या आजारपणाने गेले, काही म्हातारपणाने, आणि काहींनी स्वतःहून जायचं ठरवलं. तरी तो आठवडा आमचा.

तर, रडू येतं. पण तुम्हाला वाटतं त्या रात्री नाही.

यंदा आम्ही रशियन संगीतकार चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी बसवतोय, चार भागांची मोठी रचना. चायकोव्हस्की समलिंगी होता, हे त्याच्या पत्रांतूनच कळतं. २८ ऑक्टोबर १८९३ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याने ही सिंफनी स्वतः कंडक्ट केली आणि नऊ दिवसांनी तो गेला. पहिल्या कॉन्सर्टनंतर तीन आठवड्यांनी तीच सिंफनी पुन्हा वाजली, ती त्याच्याच स्मरणाच्या कॉन्सर्टमध्ये. म्हणजे ही रचना दुसऱ्यांदा वाजली तेव्हापासूनच स्मरणाच्या कामाला लागलेली आहे. पण आम्ही ती निवडली ती या कहाणीसाठी नाही. शेवटच्या भागाच्या पहिल्या ओळीसाठी निवडली.

ती ओळ सप्टेंबरात मी घरी एकटीने वाजवायला घेतली तेव्हा मला वाटलं, कागद चुकीचा आलाय. सूर नुसते वरखाली उड्या मारत होते, चाल कुठेच नाही. तीन दिवस घोकलं. बोटं बसली, पण गाणं काही लागेना. मग पहिली एकत्र तालीम झाली. कंडक्टरने आम्हा दुसऱ्या व्हायोलिनवाल्यांना पहिल्यांच्या शेजारून उठवून समोरासमोर बसवलं, स्टेजच्या दुसऱ्या टोकाला. चायकोव्हस्कीच्या काळात तशीच बसायची पद्धत होती. हात खाली आला, आम्ही सुरू केलं, आणि हॉलच्या मधोमध कुठून तरी एक चाल खाली उतरत आली. पायरी पायरीने, उसासा टाकावा तशी. ती कुणीच वाजवत नव्हतं. चालीतला एक सूर पहिल्या व्हायोलिनकडे, पुढचा आमच्याकडे, त्याच्या पुढचा परत त्यांच्याकडे, अशी चायकोव्हस्कीने ती वाटून ठेवली आहे. त्यांच्याही कागदावर उड्याच आहेत. चाल फक्त मधल्या हवेत असते आणि ऐकणाऱ्याच्या कानात.

तेव्हा मला कागद दिसेनासा झाला. बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, हातात, पण पुढचा बार, म्हणजे कागदावरचा मात्रांचा पुढचा कप्पा, कुठला ते कळेना. आणि मी एकटी नव्हते, कारण कंडक्टरने थांबवलं, दहा सेकंद कुणाकडेच पाहिलं नाही आणि मग म्हणाला, "पुन्हा. त्याच बारपासून." त्या संध्याकाळी आम्ही तो बार चौदा वेळा घेतला. चौदाव्या वेळी सूर एकमेकांत बसले होते आणि सगळ्यांचे डोळे कोरडे होते.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या चौदा वेळांत आहे. तालीम म्हणजे रडण्याला दिलेला वेळ. एकदम नाही, थोडा थोडा, आणि मात्रा मोजत. कॉन्सर्टच्या रात्री रडायचं ते ऐकायला आलेल्यांनी. त्यांना चाल पूर्ण मिळायला हवी, आणि ती देणाऱ्याचा हात थरथरून चालत नाही. हे मी कडक शिस्तीपोटी म्हणत नाही, वाद्याची गरजच तशी आहे. व्हायोलिनवर हळू आणि बारीक सूर काढताना बो अगदी सावकाश सरकतो आणि मनगटातली बारीकशी थरथरसुद्धा तारेवर ऐकू येते. फुंकून वाजवायच्या वाद्यांचं त्याहून अवघड. घसा दाटून आला की श्वासच पुरा मिळत नाही. सिंफनीच्या पहिल्या भागात एका ठिकाणी चायकोव्हस्कीने ओळीने सहा 'पी' लिहिलेत. एक 'पी' म्हणजे हळू, सहा म्हणजे हळूच्या पलीकडचं हळू. हौशी वादकाला जोरात वाजवणं जमतं, हळू वाजवण्यात त्याची परीक्षा असते. दुःखात तर जास्तच.

आमच्या ट्रॉम्बोनवालीने यावर आपला उपाय काढला. शेवटच्या भागात टॅमटॅमवर एक ठोका पडतो, दबका. त्या मोठ्या तबकडीला अख्ख्या सिंफनीत तेवढं एकच काम. त्यानंतर तीन ट्रॉम्बोन आणि ट्यूबा काही बार एकटे वाजवतात, प्रार्थनेला उभं राहावं तसे. तिची जोडीदार दोन वर्षांपूर्वी गेली. तिने सांगितलं, ते बार मला दर तालमीत आधी हवेत, सूर जुळवून झाले की लगेच, दिवसभराचा दम अंगात असताना. आता आमची प्रत्येक तालीम त्या ठोक्याने सुरू होते. सिंफनीचा जवळजवळ शेवट आम्ही पहिल्यांदा वाजवतो.

माझ्या स्टँडवरची प्रत माझी नाही. माझ्या आधी या खुर्चीवर आमचे एक ज्येष्ठ बसायचे. ते गेल्या वर्षी गेले, आणि यंदाच्या यादीत त्यांचं नाव पहिल्यांदा येतंय. एड्सच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी इतके मित्र पोहोचवले होते, की आकडा विचारला तर ते विषय बदलायचे. ही सिंफनी आम्ही पूर्वी एकदा वाजवली होती, तेव्हाच्या त्यांच्या पेन्सिलच्या खुणा कागदावर आहेत. बो वर घ्यायचा की खाली, बोट कुठलं, आणि तीन ठिकाणी काढलेला छोटा चष्मा. चष्मा म्हणजे 'इथे कागदातून डोकं वर काढा, कंडक्टरकडे बघा'. वादकांची ही जुनी खूण आहे. यंदा कंडक्टरने बोच्या खुणा बदलल्या, म्हणून त्यांच्या खुणा मला खोडाव्या लागल्या. रबर हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. मग खोडल्या, कारण पंधरा बो खाली जाताना माझा एकटीचा वर जाऊन चालणार नाही, आणि हे त्यांनीच मला शिकवलं होतं. चष्मे ठेवले. तिथे लय आजही ओढली जाते.

सगळ्यात जास्त वेळ मात्र संगीताला लागत नाही, नावांना लागतो. कार्यक्रमपत्रिकेत गेलेल्यांची नावं छापतो आणि मंचावर वाचतो. काय वाजवायचं हे आमचं एका बैठकीत ठरतं. नावांची बैठक यंदा तीन तास चालली.

आमची एक ओबोवाली होती, ट्रान्स बाई. ती गेल्यावर घरच्यांनी तिला तिच्या जुन्या नावाने निरोप दिला, पुरुषी कपड्यांत. आम्ही मागच्या रांगेत उभे होतो आणि ज्या माणसाबद्दल बोललं जात होतं त्याला आमच्यातलं कुणीच ओळखत नव्हतं. आमचा नियम त्या दिवशी ठरला: माणूस स्वतःला जे म्हणवून घेत होता तेच नाव छापायचं. घरच्यांचा फोन आला. त्यांना राग होता, आणि त्या रागाखाली काय होतं ते ऐकायला मी तयार होते. नाव मात्र तिचंच छापलं.

उलटही होतं. काही जण हयातभर लपून राहिले. आमच्याकडे दर मंगळवारी यायचे आणि घरी सांगायचे की क्लासला जातो. त्यांचं पूर्ण नाव छापलं तर मागे राहिलेल्यांपुढे त्यांनी जे झाकलं ते आम्ही उघडं करणार. मग नुसतं पहिलं नाव, कधी फक्त एक अक्षर. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनमध्ये एड्सने गेलेल्यांच्या आठवणीची गोधडी पहिल्यांदा अंथरली गेली, १,९२० तुकड्यांची. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका थडग्याएवढा. त्यातही काही तुकड्यांवर नुसतं पहिलं नाव शिवलेलं आहे. शिवणाऱ्याने तिथे किती विचार केला असेल, हे मला आमच्या बैठकीत बसल्यावर कळलं.

नावं वाचताना मागे संगीत नको, हे मी दर वर्षी भांडून मिळवते. कुणीतरी सुचवतंच की मागे चेलोचा लांब सूर ठेवू या, छान वाटेल. छान वाटू नये. नाव शांततेत पडलं पाहिजे, त्यात खोकला ऐकू आला तरी चालेल.

यंदा संगीतकार हायडनच्या १७७२ च्या 'फेअरवेल' (निरोप) सिंफनीचीही सूचना आली होती. त्यात शेवटी एकेक वादक वाजवणं थांबवून उठून जातो आणि दोन व्हायोलिनं उरतात. रिकाम्या होत जाणाऱ्या खुर्च्या पाहून लोकांना भरून येईल, असा विचार. आमच्या ट्यूबावाल्याने एवढंच म्हटलं, "त्या वादकांना सुट्टी हवी होती, घरी जायचं होतं. आपली माणसं उठून गेलेली नाहीत." सूचना तिथेच मागे पडली.

वेगळा ऑर्केस्ट्रा कशाला, संगीत तर सगळ्यांचं असतं, असंही विचारलं जातं. त्याचं उत्तर मी थोडक्यात देते. २७ नोव्हेंबर १९७८ ला सॅन फ्रान्सिस्कोत उघडपणे समलिंगी असलेले नगरसेवक हार्वी मिल्क आणि मेयर जॉर्ज मॉस्कोनी यांची हत्या झाली. त्या रात्री सिटी हॉलच्या पायऱ्यांवर तिथल्या समलिंगी पुरुषांच्या कॉयरने, म्हणजे समूहगान करणाऱ्या गटाने, संगीतकार मेंडेल्सोनचं एक गीत म्हटलं. कॉयर नुकताच जमला होता आणि लोकांसमोर ते पहिल्यांदाच गात होते. एकत्र तालीम करणारी माणसं आधीपासून जमलेली होती, म्हणून त्या रात्री गाता आलं. लंडनचा गे सिंफनी ऑर्केस्ट्रा १९९६ पासून वाजवतोय. दुःख कळवून येत नाही. ते आलं की वाद्य काढून बसायला ओळखीच्या खुर्च्या लागतात.

आणि हौशी माणसांची जागा या इतिहासात लहान नाही. अमेरिकन संगीतकार जॉन कॉरिलियानोने एड्सने गेलेल्या मित्रांसाठी आपली पहिली सिंफनी लिहिली, १९९० मध्ये ती शिकागोत वाजली. तिच्या तिसऱ्या भागात जी चेलोची चाल आहे, ती एका जुन्या टेपवरून आली. त्याचा एक मित्र हौशी चेलोवादक होता. दोघं पूर्वी एकत्र बसून मनाला येईल ते वाजवायचे आणि मित्र गेल्यावर ती टेप सापडली. ती सिंफनी आमच्या आवाक्यातली नाही. पण मंगळवारी आमचे चेलोवाले केसमधून वाद्य काढतात तेव्हा मला ती टेप आठवते.

आमच्या चायकोव्हस्कीच्या तिसऱ्या भागाबद्दलही सांगायला हवं. तो कूच करत जाणारा, इतका दणदणीत संपतो की लोकांना वाटतं सिंफनी संपली, आणि टाळ्या पडतात. आमच्यातले काही म्हणतात, पत्रिकेत लिहू या की टाळ्या वाजवू नका. माझं मत उलट आहे. वाजवू देत. ज्यांच्यासाठी वाजवतोय त्यांच्यातले कितीतरी जण असेच दणदणीत जगले, आणि त्यांना टाळ्या आवडायच्या. टाळ्या थांबल्या की आमची उसाशांची ओळ सुरू होईल.

गेल्या मंगळवारी सिंफनी पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वाजवली. शेवटाकडे व्हायोलिनं खाली खाली जातात आणि थांबतात, आणि खालचे चेलो आणि डबल बास तेवढे उरतात. आमच्या कागदावर तिथे विराम आहे. व्हायोलिन मांडीवर घेऊन मी बार मोजत होते. वाजवायला काही नव्हतं, आणि त्या ओळीच्या कडेला पेन्सिलचा एक चष्मा होता. मी वर बघितलं. समोर पहिल्या व्हायोलिनमधले तिघं-चौघं तसेच बसलेले होते, वाद्य मांडीवर, ओठ मोजताना हलताहेत. डबल बासचा सूर विरला तरी कंडक्टरचे हात वरच होते. बराच वेळ.

मग हात खाली आले. त्याने पानं मागे उलटली आणि हळू आवाजात म्हणाला, "चेलो, शेवटच्या ओळीत किंचित लवकर आलात. दुसरे व्हायोलिन, तुम्ही थांबता तिथे आवाज तुटतोय, विरू द्या." आम्ही पेन्सिली घेतल्या आणि लिहून घेतलं.