अंगावरचे अडतीस हजार

१० डिसेंबर आला की आम्हा वकिलांना भाषणं करायला गावोगाव पाठवतात. विषय दरवर्षी तोच, 'मानवी हक्कांची ओळख'. बीडच्या डोंगरपट्ट्यात त्या दिवशी ऐकायला असतं कोण? दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या फडावर जातात, त्या उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत येत नाहीत. मागे म्हातारी माणसं, शाळकरी पोरं आणि भाषणाला आणून बसवलेली अंगणवाडीताई. ज्यांना हे सांगायला हवं ती कुठंतरी लांब मोळ्या बांधत असतात. तारीख आमच्या हातात असती तर आम्ही जूनमधली धरली असती.

तरी बोलले. मानवी हक्कांचा जाहीरनामा, पॅरिस, १९४८, तीस कलमं. पहिल्या कलमात 'सगळे पुरुष' असं येणार होतं, भारताच्या प्रतिनिधी, आपल्या हंसा मेहतांनी आग्रह धरून ते 'सगळी माणसं' करून घेतलं, हे मी नेहमी सांगते. बायकांना ते आवडतं. ह्या वेळी मागून एकजण म्हणाली, "मंग आमच्याकडं अजून झालं न्हाई वाटतं ते." सगळे हसले. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, कोयत्याला मिळते, नोटा मोजतो नवरा. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कुणी टोळीत घेत नाही.

तीच बाई नंतर माझ्या स्कूटीपाशी थांबली होती. हातात पोराची गणिताची वही.

"ताई, येवढा हिसाब करून द्या."

तक्रार नव्हतीच तिची. मागच्या हंगामात जोडीनं लाखाची उचल घेतलेली. फेब्रुवारीत नवरा भरल्या ट्रॉलीवरून पडला, खुबा मोडला, दोघं मधेच गावी आली. टोळी जमवून उचल वाटणारा मुकादम म्हणतो, अडतीस हजार अंगावर राहिले. ती म्हणते, इतके निघत नाहीत. तेवढा हिशेब बसवून द्या, एवढंच तिचं म्हणणं. आणि बोलता बोलता, जसं काही ते वेगळंच काही असावं, तिनं सांगितलं की पोरगा दिवाळीपासून मुकादमाच्या वस्तीवर म्हशी राखतो. वय तेरा. "फिटल्यावर येईल की."

वही उघडली. शेवटच्या पानांवर पेन्सिलीनं रोजच्या खेपा. पोरगाही फडावरच होता ना, त्यानंच लिहिलेलं. '१२ तारीख दोन. १३ खाडा, आईला ताप. १४ एक.' आणि मग एका ओळीत नुसतं, 'पप्पा पडले.' त्याखाली काही नाही.

मी तिथंच सांगितलं, बाई, एक रुपया देऊ नका. १९७६ च्या वेठबिगार कायद्यानं असलं कर्जच रद्द होतं. तिचा चेहरा बदलला. "आमी बुडवे न्हाईत," म्हणाली. "घेतलेत म्हून सांगते ना. पुढच्या साली उचल कोण दील मंग?" मी कायदा समजावत राहिले, आणि ती वही माझ्या हातातून घेऊन घडी घालत राहिली.

पोरासाठी अर्ज मात्र द्यायला तयार झाली. तो मी रात्री बसून लिहिला आणि चांगला लिहिला, हे मीच म्हणते. असल्या अर्जात 'व्यवहार', 'वाद', 'उसनवारी' हे शब्द चुकूनही येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर साहेब 'दिवाणी स्वरूपाचे प्रकरण' असा शेरा मारून मोकळे होतात. उचल कधी, किती, कुणासमोर, काम किती तास, मजुरी शून्य. किमान वेतनापेक्षा कमी देऊन घेतलेलं काम म्हणजे सक्तीचंच काम, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ साली एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलंय, ते टाकलं. कर्ज वेठीचं नाही हे दाखवायची जबाबदारी वेठबिगार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे पैसे देणाऱ्यावर असते, ते अधोरेखित केलं. वेठबिगारीला बंदी घालणारं राज्यघटनेचं कलम २३ सगळ्यात वर.

कार्यालयात मला चहा दिला. "मॅडम, बालकामगार म्हणून करू की. वेठबिगार कशाला लिहिता?" ह्या एका शब्दाची धास्ती मी पंधरा वर्षं बघतेय. बालकामगार लिहिलं की गुन्हा एका माणसाचा. वेठबिगार लिहिलं की तालुक्यात वेठबिगारी आहे असं होतं, त्यावर लक्ष ठेवणाऱ्या दक्षता समितीची बैठक कधी झाली ते विचारलं जातं, मुक्ततेचा दाखला द्यावा लागतो, पुनर्वसनाचा पैसा काढावा लागतो.

चौथ्या दिवशी पोरगा घरी आला. दाखला आला नाही. चौकशीला गेलेल्या माणसानं मुकादमाच्या ओट्यावर बसून, मुकादमासमोर पोराचा जबाब घेतला. अहवालात आलं, 'सदर मुलगा परिचितांकडे स्वखुशीने राहत होता.' स्वखुशीने! मुकादमाला मी नंतर कचेरीबाहेर भेटले. मला राक्षस अपेक्षित होता. तो म्हणाला, "माझ्या टोळीतले सहा कोयते उचल घेऊन पळाले ताई, ठेकेदार माझा ट्रॅक्टर ओढून न्यायला बसलाय." खोटं बोलत नसावा.

जानेवारीच्या शेवटी बाई माझ्याकडे आली. पोराला शाळेत परत घेतलं होतं. तिनं पिशवीतून वही काढली, वहीतून एक चिठ्ठी. शेळी विकून मुकादमाला सात हजार दिले होते, आणि माझंच ऐकून, म्हणजे 'कागद घेतल्याशिवाय काही करायचं नाही' एवढंच ऐकून, त्याची सही घेऊन आली होती. 'उचलीपैकी रु. ७,००० मिळाले.' तारखेसकट.

रद्द झालेल्या कर्जापोटी पैसे घेणं हाच त्या कायद्यात गुन्हा आहे, कलम ९, तीन वर्षांपर्यंत कैद. इतका सरळ पुरावा माझ्या हातात कधी आला नव्हता. मी तसं म्हणाले. तिनं चिठ्ठी माझ्या हातातून काढून घेतली.

"त्याच्यासाठी न्हाई आणली. आता किती ऱ्हायले, तेवढं मांडा."

मी खेपा मोजायला घेतल्या. तिच्या आकड्यानं सोळा हजार निघत होते, माझ्या कायद्यानं शून्य. पानावर मी सोळा हजार लिहिले.