गप्पांच्या वेगाने

हिवाळ्यात भल्या पहाटे सायकली घेऊन निघायचे ठरले की गटातले कोणीतरी हमखास धीर देते, "एकदा उजाडू द्या, मग थंडी पळते की नाही पाहा." हे ऐकायला बरे वाटते, पण खरे नाही. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडत राहते, आणि सूर्य क्षितिजावर आल्यानंतरही, उन्हाची ऊब या गळतीवर मात करीपर्यंत, पारा उतरतच असतो. त्यामुळे सर्वांत बोचरी थंडी बहुधा सूर्योदयानंतर थोड्याच वेळात, म्हणजे आपण नेमके रस्त्यावर असताना पडते. अंधारात धड असलेली बोटे उजाडल्यावर बधिर झाली, अशी कुरकुर कोणी केली तर त्याला नाजूक ठरवण्याचे कारण नाही.

अशा सकाळी वारा बहुतेक पडलेलाच असतो; चेहऱ्यावर जो लागतो तो आपणच वेगाने निर्माण केलेला असतो. हवेचे तापमान १० अंश असेल, तर ताशी २० किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या गालांना ते आणखी २-३ अंशांनी कमी भासते. थंडी आवरायची असेल तर कपड्यांचा थर वाढवावा किंवा वेग कमी करावा. मला दुसरा उपाय अधिक आवडतो, कारण त्यात गप्पा मारता येतात.

या आळसाला भौतिकशास्त्राचाही पाठिंबा आहे. ताठ बसून सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरच्या आसपास सायकल चालवताना हवेचा विरोध साधारणपणे टायर आणि रस्ता यांच्यातील विरोधाइतकाच असतो. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो कापण्यासाठी लागणारी शक्ती आठपट. म्हणून वेगाने जाणाऱ्यांना एकामागे एक, पुढच्याच्या आडोशाला राहावे लागते, आणि मग सोबत म्हणून समोर फक्त एक पाठ उरते. सावकाश जाणाऱ्यांना त्या आडोशाची फारशी गरज नसते; रस्ता मोकळा असेल तर ते दोघे-दोघे शेजारी चालवतात आणि वाहन आले की मुकाट्याने एका ओळीत येतात. व्यायाम हलका आहे की नाही हे ओळखण्याची खूणही हीच सांगतात: धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. आमच्यातील काहीजण तर धाप न लागता परिच्छेद बोलतात.

मात्र एका जागी सगळ्यांचेच बोलणे थांबते. थंड हवा जड असते. रात्रभर ती उतारांवरून ओघळून खोलगट जागी साचते. रस्ता ओढ्याच्या दिशेने उतरू लागला की आधी घोट्यांना, मग गुडघ्यांना आणि मग एकदम छातीला गारवा भिडतो, जणू आपण सायकलसकट पाण्यात उतरत आहोत. पलीकडच्या चढावर अर्ध्या वाटेतच तो सुटतो आणि हवा अक्षरशः उबदार लागते. मोटारीच्या बंद काचांआड बसलेल्याला या रस्त्याला असा तळ आहे याचा पत्ताही नसतो. एरवी नकोसा वाटणारा चढ हिवाळ्यात हवाहवासा होतो आणि उताराची मात्र धास्ती वाटते, कारण तिथे वारा भरपूर आणि पायांना काम काहीच नाही.

चढावर गट पांगतोच. वर पोहोचलेले थांबतात, त्यांच्या चष्म्यांवर वाफ धरते, आलेला घाम गार होऊ लागतो. आणि शेवटचा सायकलस्वार पोहोचला रे पोहोचला की ते लगेच पायडलवर पाय ठेवतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, नेमका तोच विश्रांतीविना राहतो. थांबण्याचा वेळ शेवटचा माणूस आल्यापासून मोजावा, असे माझे ठाम मत आहे.

नवख्याला "तू आरामात मागून ये" असे सांगणेही असेच सौजन्याच्या वेषातील क्रौर्य आहे. पुढच्याने खड्डा पाहून वेग जरासा कमी केला की त्याच्या मागचा थोडा अधिक करतो, त्याच्या मागचा आणखी. शेवटच्याला थेट ब्रेक दाबावा लागतो आणि मग अंतर भरून काढण्यासाठी धावावे लागते. शेपटाकडचा प्रवास असा धक्क्यांचा असतो. म्हणून नवख्याला पुढच्याच्या लगेच मागे ठेवावे आणि सर्वांत दमदार गड्याला शेवटी. पंप आणि पंक्चरचे सामानही त्याच्याकडेच द्यावे.

परतीच्या वाटेवर ऊन अंगावर येते, कानटोप्या खिशात जातात, आणि कोणी ठरवलेले नसताना वेग वाढत जातो. तो डोळ्यांना कळत नाही, कानांना कळतो: वाक्ये आखूड होतात, मग नुसते हुंकार उरतात. तेवढ्यात मागून त्या दमदार गड्याची घंटी सलग वाजू लागते. तिचा अर्थ सर्वांना ठाऊक असल्यामुळे पुढचे निमूटपणे पाय मारायचे थांबतात, फ्रीव्हीलची टिकटिक सुरू होते आणि अर्धवट राहिलेला वाद पुन्हा पहिल्यापासून मांडला जातो.