कॅमेऱ्याआधी वाडा पिंजून काढा: गावकार्यकर्ते तयार करतानाचा माझा अनुभव

प्रशिक्षणाला आलेली मुलं पहिल्याच बैठकीत विचारतात, शूटिंग कधी सुरू करायचं? दोष त्यांचा नाही. गोव्यातलं मोलेचं जंगल वाचवण्याच्या आंदोलनाची पोस्टर्स, चित्रं आणि रील्स 2020 पासून बघतच ती वाढलीत. पण त्याच वर्षी 1 नोव्हेंबरच्या रात्री चांदर गावात रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध फाटकापाशी माणसं ठाण मांडून बसली ती नुसत्या रील्स बघून नव्हे, त्यामागे गावोगावच्या बैठका होत्या. म्हणून मी क्रम ठरवून टाकलाय: आधी घरं, मग नकाशा, मग कागद आणि त्यानंतर मोबाइलचा कॅमेरा.

एका तुकडीत बारा ते पंधरा मुलं घेतो. त्याहून जास्त झाली की अर्धी नुसती ऐकत बसतात. चार-पाच जणांचा एक गट, गटाला एक वाडा, म्हणजे गावातली एक वस्ती, आणि एकच प्रश्न. ‘पर्यावरण’ हा प्रश्न चालत नाही. ‘मानशीची दारं कुजलीत आणि खारं पाणी शेतात शिरतंय’ हा चालतो (मानस म्हणजे शेताच्या बांधातला, नदीचं पाणी अडवणारा दरवाजा), कारण तो बोट दाखवून दाखवता येतो आणि सुटला की नाही हेही कळतं.

घरभेटीला दोघं जातात, शक्यतो एक मुलगा आणि एक मुलगी. दुपारी एक ते चार कुणाच्याही दारात उभं राहायचं नाही. गोव्यात ती झोपेची वेळ, तेव्हा बेल वाजवणाऱ्याचं कोण ऐकून घेणार? हातात फॉर्म नको. फॉर्म दिसला की लोकांना सरकारी सर्वेक्षण वाटतं आणि उत्तरंही तशीच येतात. पाणी पहिल्यांदा कधी शिरलं, तेव्हा कोणाकडे गेला होता, तो काय म्हणाला, एवढंच विचारायचं. ‘आजी, तुम्ही कोणाला सांगितलं होतं?’ असं विचारल्यावर ‘सांगून काय होतं रे बाबा’ असं उत्तर आलं, तर तिथं आशेचं भाषण सुरू करायचं नाही. ‘मग कोणी सांगितलं तर ऐकतील?’ हा पुढचा प्रश्न. पाच-सहा घरांत तीच दोन-तीन नावं येऊ लागली की वाड्याचा खरा शब्द कोणाचा चालतो ते समजतं. पंचाचं नाव त्यात बहुतेक वेळा नसतं. टिपणं रस्त्यावर आल्यावर लगेच लिहायची, रात्रीवर टाकली की माणसाचे शब्द जातात आणि आपले उरतात.

घरभेटीत हमखास होणारी चूक म्हणजे ओळखीच्याच घरी जाणं. मुलं आपल्या जातीच्या, आपल्या देवळाच्या किंवा चॅपलच्या घरांत चहा पिऊन परत येतात. म्हणून यादी घरांच्या रांगेप्रमाणे करतो आणि भाड्याच्या खोल्यांतल्या कामगारांचीही घरं त्यात धरतो. त्यांचं मत ग्रामसभेत मोजलं जात नसेल, पण रात्री पाणी कुठून येतं हे त्यांनाच आधी दिसतं.

मग नकाशा. अंगणात खडूने किंवा रांगोळीने वाड्यातल्या लोकांकडूनच काढून घ्यायचा, मुलांनी हात लावायचा नाही. बायकांचा आणि पुरुषांचा वेगळा काढला तर दोन्हींत फरक दिसतो. पुरुष बांध आणि शेतांच्या हद्दी दाखवतात, बायका विहीर, पायवाट आणि पाणी तुंबतं ती जागा. त्याच्या शेजारी दुसरा नकाशा: कोणाच्या हातात काय आहे. मुलांची खरी शाळा इथं भरते. मानशीची दारं साधी युक्ती आहे: ओहोटीला आतलं पाणी ती नदीकडे ढकलून उघडतं, भरती आली की नदीचं पाणीच ती बंद करतं. पण मानशीवरची मासेमारी पावणीने, म्हणजे लिलावाने, दिली जाते. मासे भरतीबरोबर आत येतात, त्यामुळे पावणी घेणाऱ्याला दारं उघडी हवीत आणि भात लावणाऱ्याला बंद. पावणी घेणारा त्याच वाड्यातला असला, तर ‘लोक विरुद्ध सरकार’ ही मुलांच्या डोक्यातली मांडणी तिथंच कोसळते. कूळ संघ (शेत कसणाऱ्या कुळांची संघटना), मामलेदार, कृषी खातं, पावणीवाला, शेजारी या प्रत्येकापुढे लिहायचं: हा काय करू शकतो आणि कोणाच्या सांगण्यावरून करतो.

कागदांचं काम थोडक्यात. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा), सर्वे नंबर आणि मामलेदार कचेरीत माहिती हक्काचा अर्ज. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, उत्तर आलं नाही की पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. मुलं अर्जात ‘दुरुस्ती का केली नाही?’ असं लिहितात. ‘का’ला उत्तर देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. ‘अमुक सर्वे नंबरलगतच्या बांधाच्या दुरुस्तीच्या फाइलची पाहणी करू द्यावी’ असं लिहा, म्हणजे टिपणीसकट सगळं समोर येतं आणि हव्या त्याच पानांच्या प्रती घेता येतात. अर्ज मराठीतून चालतो, 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली तेव्हा मराठीच्या सरकारी वापरालाही जागा ठेवली गेली.

आता कॅमेरा. मानस गळते हे दाखवायला दोन शॉट लागतात, एकाच जागेवरून: एक ओहोटीचा, एक भरतीचा. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, म्हणून वेळ भरतीच्या तक्त्यावरून ठरवायची, आपल्या सोयीने नव्हे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला फळ्यांच्या फटींतून पाण्याच्या चिळकांड्या उडताना स्पष्ट दिसतात. मोबाइल आडवा, एअरप्लेन मोडवर, शक्य तर बांधावरच्या खांबाला टेकवलेला. प्रत्येक शॉट हलवल्याशिवाय मनात दहा आकडे मोजून घ्यायचा. आधी लांबचा, मग मधला, मग फळीची कुजकी कड. बांधावर फसतो तो आवाज. वाऱ्यात मोबाइलच्या माइकवर नुसती घरघर येते. वायरचा कॉलर माइक, त्यावर स्पंजची टोपी, वाऱ्याकडे बोलणाऱ्याची पाठ. घरात पंखा बंद आणि फ्रिजपासून लांब. मुलाखत माणूस घरी बोलतो त्याच भाषेत घ्यायची. कॅमेऱ्यापुढे व्याख्यानी मराठी बोलायला लावलं की बोलकी माणसंही आखडतात.

संमती दोनदा घेतो: रेकॉर्डिंगआधी आणि जोडलेला तुकडा त्या माणसाला दाखवल्यावर. मुंडकाराने (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्याने) भाटकाराविरुद्ध, म्हणजे जमीनमालकाविरुद्ध, बोललेलं वाक्य वाड्यात फिरलं तर त्याची किंमत तो भरतो, आपण नाही. नको म्हणाला तर वाक्य काढायचं, कितीही धारदार असो. हे मुलांना जड जातं.

एडिटिंगवर मी फार वेळ घालवत नाही. कोणती वाक्यं कोणत्या क्रमाने हे आधी कागदावर, मग कोणतंही फुकटचं ॲप. लांबी तीन मिनिटं आणि शेवटी एकच मागणी: कोणी, काय, कधीपर्यंत. पावसाळ्यात बांधाला हात लावता येत नाही आणि मंजुरीला वेळ जातो, म्हणून फेब्रुवारीत तयार झालेली फिल्म कामाची, जूनमधली नुसती हळहळ.

पहिलं दाखवणं वाड्यातच, नेटवर नंतर. देवळाच्या सभामंडपाचा मोह टाळतो, काही घरं तिथं येत नाहीत आणि नेमकी तीच पाण्याच्या तोंडाशी असतात. शाळेचं पटांगण किंवा चव्हाटा बरा. काळोख पडल्यावर, चादरीवर, आवाजाला वेगळा स्पीकर. फिल्म तीन मिनिटं, बोलणं पाऊण तास. ‘कशी वाटली?’ विचारलं की टाळ्या मिळतात. ‘यात काय राहिलं?’ विचारलं की पावणीवालाही तोंड उघडतो आणि तडजोडीची वाट बहुधा तिथूनच निघते.

जनसुनावणीची तालीमही घेतो, पर्यावरणीय मंजुरीची सुनावणी कधी दारात येईल सांगता येत नाही. 2006 च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे किमान 30 दिवसांची नोटीस लागते आणि कामकाजाचं व्हिडिओ चित्रीकरण सक्तीचं असतं. पण गणपूर्तीची अट नाही. बहिष्कार टाकला की सुनावणी रद्द होते हा समज अजून पक्का आहे, आणि त्यापायी रिकाम्या मंडपात सुनावणी पार पडू शकते. नाव, गाव, प्रकल्पाच्या अहवालातलं पान, आक्षेप, या क्रमाने दोन मिनिटांत बोलायचं आणि तेच लेखी देऊन पोच घ्यायची.

ग्रामसभेतही तसंच. विषय सचिवाकडे आधी लेखी द्यायचा, शिक्का मारलेली पोच ठेवायची. ठराव झाला की त्याची वाक्यं तिथंच मोठ्याने वाचून दाखवायला सांगायचं, नाहीतर ‘दुरुस्ती करावी’चं इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ होतं. इतिवृत्ताची प्रत मागून घ्यायची आणि ठराव मामलेदाराकडे कधी गेला याचा जावक क्रमांक लिहून ठेवायचा. हे काम गटातल्या एकाच्या नावावर असतं. सगळ्यांवर सोपवलं की कोणीच जात नाही.