तेझेला बासरी घेऊन जाताय? आधी हे वाचा

पहिल्या दिवशी माझ्या हातात बासरी नाही, भांडी घासायचा ब्रश आला. वसईत आमच्या चर्चच्या गायनवृंदात दहा वर्षं वाजवतोय, त्यामुळे मन जरा खट्टू झालं, खोटं कशाला बोलू? पण तेझेत, म्हणजे फ्रान्समधल्या या ख्रिस्ती मठात, प्रार्थनेला येणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला काम असतंच. कुणी जेवण वाढतं, कुणी संडास धुतं. साबणाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवून आम्ही सहा जण सहा उच्चारांत लॅटिन गात होतो. माझी पहिली तालीम हीच.

फ्रान्सच्या बर्गंडी भागातलं हे टेकडीवरचं गाव. १९४० साली मठाचे संस्थापक ब्रदर रॉजर इथे आले आणि युद्धातल्या निर्वासितांना, त्यांत ज्यूंनाही, त्यांनी आसरा दिला. आज कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट ब्रदर (मठातले संन्यासी) तिथे एकत्र राहतात, मातीची भांडी वगैरे करून पोट भरतात. स्वतःसाठी देणगी घेत नाहीत.

दिवसातून तीनदा घंटा होते. चर्चमध्ये बहुतेक सगळे जमिनीवरच बसतात. युरोपातली पोरं पायांचं काय करावं या विवंचनेत, आपण मांडी घालून मोकळे! गाणं म्हणजे एक-दोन ओळी, पुन्हा पुन्हा. भजनाचा कान असेल तर पाचव्या आवर्तनाला डोळे आपोआप मिटतात. मध्येच लांबलचक शांतता. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणीतरी आपली ओळ विसरलं.

आता वाद्याचं. दुपारी गायनाचा सराव असतो, वादकांचा वेगळा. हातात स्टाफ नोटेशनचा, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीचा कागद मिळतो. आपली स्वरलिपी तिथे कुणाला कळत नाही. माझ्याकडे एकच बासरी, पांढरी तीन पट्टीची (त्यांच्या भाषेत E). पहिलंच गाणं पांढरी चारमध्ये (F) निघालं. अर्धी भोकं दाबून वाजवली, सूर हलले. शेजारच्या चेलोवाल्या मुलीने माझ्याकडे न बघताच तळहात हळूच खाली केला. म्हणजे आवाज कमी कर. दुसऱ्या दिवसापासून मी दोन ओळी सोडून एक वाजवू लागलो, ना मींड, ना हरकती, सूर अगदी साधे. टाळ्या कधीच नसतात. तेव्हा वेगवेगळ्या पट्ट्यांच्या दोन-तीन बासऱ्या न्या आणि नोटेशन वाचायचा सराव घरीच करा.

मुक्काम साधारण रविवार ते रविवार, नाव आधी नोंदवायचं. मी चार आठवडे राहिलो. जास्त राहायचं तर ते आधी पत्राने ठरवा. फ्रान्सच्या शेंगेन व्हिसाची तयारी लवकर करा. पॅरिसहून रेल्वेने माकाँ, तिथून क्लुनीमार्गे बस; रविवारी ती खच्चून भरते. तंबू किंवा बराकीत झोपायचं, म्हणून स्लीपिंग बॅग, टॉर्च आणि रेनकोट हवाच. जुलैतही रात्री हुडहुडी भरते, आपल्या मे महिन्याच्या हिशेबाने कपडे भरू नका. नाश्त्याला ब्रेड, लोणी आणि चॉकलेटच्या दोन कांड्या, चहा वाडग्यातून. जेवणाला फक्त चमचा. लोणच्याची छोटी बाटली न्या, मित्र लगेच होतात.

शुक्रवारी रात्री क्रूस जमिनीवर आडवा ठेवतात, लोक रांगेने येऊन त्यावर कपाळ टेकतात. रांग संपेपर्यंत गाणं थांबत नाही. शेवटच्या शुक्रवारी मी बासरी पिशवीतच ठेवली आणि रांगेत उभा राहिलो. चेलोवाली वाजवत होती.